मिठाची पहिली मूठ

गुरुजी,

यंदाच्या जत्रेत टेकडीवरच्या देवीच्या माहात्म्याचं नवं पुस्तक वाटलं. देवळाची कमिटी म्हणते, मजकूर जुन्या पोथीतला, जसाच्या तसा. त्यात लिहिलंय, ‘वास्तविक पाहता, पेरण्या आटोपल्यावर गावकरी बैलगाड्यांतून मीठ घेऊन देवीकडे निघाले.’ पोथी लिहिणारा ‘वास्तविक पाहता’ म्हणत नाही, गुरुजी. ते तुम्ही म्हणायचात, फळ्याकडे वळण्याआधी, प्रत्येक तासाला. लबाडी करायची तर निदान नीट करायची. त्या टेकडीवर आजही मोटारसायकल खाली ठेवून चढावं लागतं. तुमच्या बैलगाड्या कुठून चढल्या?

हे ओळखायला तुम्हीच शिकवलं. सातवीत तुम्ही खऱ्या पोथीतला तोच भाग वाचून दाखवलात आणि म्हणालात, लिहिणाऱ्याला काळजी कशाची आहे ते पाहा. त्यात पाऊस नव्हता, पेरणी नव्हती. पाणी कुठे मिळेल, बैलांच्या पाठी किती सोलल्या, गोण्या कुठे उतरवायच्या, एवढंच होतं. गोण्या उतरल्या की देवीपुढे पहिली मूठ मिठाची. मी बंजारा तांड्यावरचा. उठून म्हणालो, हा शेतकरी नाही, बैलांच्या पाठीवर मीठ वाहणारा माणूस आहे, गाडीरस्ते होण्याआधीचा. तुम्ही म्हणालात, "बरोबर. म्हणजे तुझेच पूर्वज." घरी जाऊन याडीला, माझ्या आईला, हे सांगितलं तर ती नुसती हसली. ती मूठ तांड्याच्या बाईनंच ठेवायची रीत होती आणि त्या वर्षी पाळी तिची होती. तिला त्यात नवल ते काय?

त्याच वर्षी जत्रेच्या तोंडावर कमिटीनं ठरवलं की पहिल्या मुठीचा मान गावाचा. देवळासमोर बैठक बसली. तुम्ही सतरंजीवर पुढेच बसला आहात. याडी उभी राहते.

"गुरजी, तुमीच तं माह्या पोराले शिकवलं, हे मीठवाल्याईनं लिवलं म्हनून. आता गप काहून बसले?"

मागून कुणीतरी म्हणतो, "मीठ तं दुकानात भेटते, बाई. तुह्याच हातचं कायले पायजे देवीले?" लोक हसतात.

"दुकान नोतं तवा कोन आनून देल्लं, इचार तिले," याडी म्हणते.

मग सगळे तुमच्याकडे पाहतात. तुम्ही चष्मा पुसता आणि म्हणता, "बाई, ते वर्गातलं होतं. हे गाव आहे."

पुढच्याच जत्रेत तुम्ही कमिटीचे सचिव, खांद्यावर शाल. याडी पुन्हा टेकडी चढली नाही. मरेपर्यंत जत्रेच्या दिवशी उंबऱ्यावर मूठभर मीठ ठेवायची, टेकडीकडे हात जोडायची आणि मग चूल पेटवायची. वर आता दुकानातला मिठाचा पुडा येतो. फोटोत पुड्यावरचं कंपनीचं छापील नाव दिसावं म्हणून तो फोडतही नाहीत.

इतकी वर्षं मी तुम्हाला घाबरट समजत होतो. घाबरट माणसाला माफ करता येतं, तो नुसता गप्प बसतो. तुम्ही मात्र सचिव असताना, घरी बैठक मारून, यंदा छापली ती नक्कल तयार केलीत, तांड्याची माणसं एकेक करून त्या मजकुरातून बाहेर काढलीत आणि त्यांच्या जागी पेरण्या पेरल्यात. मजकूर कसा बोलतो हे न कळणाऱ्यानं हे केलं असतं तर मला एवढी किळस आली नसती.

मी कमिटीकडे गेलो होतो. तांड्याचा मान परत मागितला, ते वाक्य दाखवलं. अध्यक्ष म्हणाला, "दोन शब्दाईवरून काय सिद्ध होते, भाऊ? गुरजी मरून किती वर्सं झाले. कायले ओढता त्याईले?" बाकीच्यांना मी काय म्हणतोय हेच कळलं नाही. जुनी पोथी कुठे आहे, तेही कुणी सांगत नाही.

देवीपुढे मी कुणाचं वाईट मागत नाही, तुमचंही नाही. भलं मात्र अजून मागवत नाही. आणि तुमचा पत्ता असता तरी हे पाठवलं नसतं. पण अध्यक्षाच्या ओसरीवरून उतरताना मनात आलं, की ते वाक्य नुसतं पुढे धरल्यावर, मी काही न बोलता, ज्याला सगळं कळलं असतं असा या गावात एकच माणूस होऊन गेला.