कांद्याच्या पातीचा देवदूत

सर्व काही पाहणाऱ्या परमेश्वराला स्मरून मी, लेओकादिया बेर्मुदेस, वय अडुसष्ट, कुंभार मातेओ यांची विधवा, राहणार त्रियाना, सेव्हिल शहर, लिहून ठेवते की ताप माझ्या अंगात आहे, डोक्यात नाही. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने नोटरी डॉन इलारिओ यांना सांगत आहे. ते हसू दाबून लिहीत आहेत, हेही त्यांनी लिहावे.

घर, भट्टी आणि दोन्ही चाके भाची ओब्दुलियाला. फरशीवरचा निळा रंग पातळ करून विकलास तर स्वप्नात येईन.

नणंद युफ्रासिया हिला मेणबत्त्यांची भरलेली पेटी. बाई माझ्याशी कधी धड बोलली नाही, पण रोज सकाळी चर्चमध्ये माझ्यापुढेच गुडघे टेकते. कारण वेदीवरच्या मोठ्या तैलचित्रातली मेरी मी आहे. लग्नाआधी चित्रकार फेर्मीन यांनी मला समोर बसवून ते काढले. युफ्रासियाला हे ठाऊक आहे, म्हणून ती डोळे मिटूनच प्रार्थना करते.

चित्रात देवदूत गुडघ्यावर बसून मेरीला बाळाची वार्ता देतो आहे. फादर क्रिस्पिन दर सणाला समजावतात: कबूतर म्हणजे पवित्र आत्मा, झुकलेली नजर म्हणजे विनय, देवदूताच्या हातातली लिली म्हणजे पावित्र्य. लिलीच्या देठाला मुळ्या का, तर पावित्र्य मातीला विसरत नाही! लोकांचे डोळे भरून येतात.

आता खरे काय ते नोंदवा. कबूतर रंग सुकण्याआधीच लसूण लावून चित्रकाराच्या पोटात गेले. थंडीत लिली मिळेना, म्हणून देवदूताच्या हाती कांद्याची पात दिली होती. वर फुले रंगवली, खालच्या मुळ्या तशाच राहिल्या. आणि माझी नजर झुकली ती हसू आवरण्यासाठी.

देवदूत म्हणजे आपला पाववाला बाल्तासार किरोस. ती पात माझ्या नाकापुढे धरून तो कुजबुजला होता, "लेओकादिया, माझ्याशी लग्न करतेस?" मी तोंड उघडणार तोच चित्रकार ओरडला, "मेरीबाई, ओठ हलवू नका!" चित्र पुरे होईपर्यंत वडिलांनी मातेओला शब्द दिला होता. मातेओ भला माणूस होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण तो जाऊनही वर्षे लोटली. बिनलग्नाचा बाल्तासार रोज दारात पाव ठेवतो, हवापाण्याचे बोलतो आणि निघून जातो. ओठ मिटूनच मरायची माझी तयारी नाही.

म्हणून शेवटचे कलम. बाल्तासार किरोस यास माझे राहून गेलेले उत्तर देण्यात येत आहे: हो.

(नोटरीची नोंद: साक्षीसाठी दारात उभ्या असलेल्या बाल्तासार यांच्या हातून पावाची टोपली पडली. पुढील बोलणे बाईंच्या आग्रहावरून जसेच्या तसे.)

"अगं, मी तर साक्षीला आलोय!"

"मग दे साक्ष. विचारलं होतंस की नाही?"

"विचारलं होतं! पण... अजून चालेल?"

"गुडघ्यावर बस आधी. आणि पात कुठाय?"

"बाई, ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही," मी, म्हणजे नोटरी, म्हणालो.

"मग खोडा त्याला! आणि लिहा, मी या दुखण्यातून उठले तर बाकी सगळं रद्द. हे एकच कलम चालू."

त्रियाना, २४ मार्च १६९१.
सही: लेओकादिया बेर्मुदेस

साक्षीदार:
फादर क्रिस्पिन (मुळ्यांचे प्रवचन उद्याच्या सणालाही करणार, असे ठणकावून सांगून)
तोरिबिओ सुतार
~~बाल्तासार किरोस~~ खोडले. कारण: नवरदेव.