पाच फूट रुंदीचं यंत्र

सात रस्ता, सोलापूर
बुधवार

प्रिय सिद्धेश्वरी,

श्रावणातल्या त्या सोमवारनंतर आपलं बोलणं नाही आणि आता एकदम हे पत्र. फोन दोनदा हातात घेतला होता. पण फोनवर तू 'हं' म्हणतेस आणि त्या 'हं'च्या सुरावरून मी माझं पुढचं वाक्य बदलतो, ही माझी जुनी खोड. कागदावर मला वळवायला कुणी नसतं. तू गुलबर्ग्याला भावाकडे राहायला गेलीस त्याला मार्चमध्ये बारा वर्षं होतील. इतक्या वर्षांत मी तुला चार पत्रं लिहिली, चारही कामाची. हेही कामाचंच आहे, असं मी सकाळपासून स्वतःला बजावतो आहे.

बातमी अशी की आपल्या रुद्रभूमीच्या स्मशान समितीनं एक यंत्र घ्यायचं ठरवलं आहे, आणि कोणतं घ्यायचं ते माझ्या शिफारशीवर सोडलं आहे. मी चिटणीस, अक्षर बरं, शिवाय कॉलेजात वाणिज्य शिकवतो, म्हणजे मला यंत्रातलंही कळत असणार असं अध्यक्षांना वाटतं. अध्यक्ष म्हणजे महादेवप्पा, हार्डवेअरच्या दुकानाचे, तू ओळखतेस. यंत्राची गरज खरी आहे. यंदा पाऊस लांबला, कार्तिक आला तरी गवत कमरेला लागतं. गाजरगवत आणि वेडी बाभूळ इतकी माजली आहे की मागच्या भागात कुठं माती आहे आणि कुठं माणूस, ते कळत नाही. दसऱ्यानंतर एका अंत्ययात्रेत पायाखालून घोणस निघाली, तेव्हा लोक मयताचं विमान तिथंच टेकवून गेटपर्यंत पळाले आणि त्यात बसवलेली आजी एकटीच उन्हात राहिली. हसू नये, पण तिचे नातूच नंतर हसत होते.

गवताचं एक वेळ भागवता आलं असतं. खणण्याचं भागत नाही. शहरात जाळणाऱ्यांसाठी विजेची दाहिनी आली, आपल्या पुरणाऱ्यांना अजून कुदळच. आणि कुदळ धरणारा एकच उरला आहे, गुरुबसप्पा. त्याचं वय सत्तरीच्या पुढे गेलं. दुसरा माणूस मिळत नाही. चिंचोळीच्या कारखान्यांत पंख्याखाली काम मिळत असताना मुरमात कोण उतरेल? या मे महिन्यात खड्डा छातीएवढा झाला आणि गुरुबसप्पा आतच बसला. आधी वाटलं दम घेतोय. मग त्याची मान कलली. आम्ही त्याला दोरानं वर काढलं, आणि त्याच्या त्या अर्धवट खड्ड्यात उतरून मी आणि मयताच्या जावयानं, चव्वेचाळीस डिग्रीत, उरलेलं खणलं. तीन तास मयत थांबलं. माझ्या हाताला फोड आले ते मी डायरीत लिहिलं. गुरुबसप्पाचे हात कसे असतील हे मी त्याआधी कधी पाहिलंच नव्हतं, तेही लिहिलं.

तर आम्ही यंत्रं पाहायला गेलो. विकणारा पोरगेलासा, हसरा. 'साहेब, फार्महाऊस कुठं आहे आपलं? लॉन किती?' महादेवप्पा म्हणाले, 'आमचं कायमचं फार्महाऊस हाय बाबा. एकदा आलेला पाहुणा परत जात न्हाई.' त्याला उलगडायला थोडा वेळ लागला. मग तो बिचारा गंभीर चेहरा करून पुन्हा पात्यांची धार सांगू लागला.

निवड दोहोंत आहे. एक, द्राक्षबागेत चालतो तसला बारका ट्रॅक्टर, तीन फूट रुंद. मागे गवत कापायची पाती लागतात, हवी तर ट्रॉली लागते. आपल्या वाटांतून तो आरामात फिरेल, पण खड्डा खणू शकणार नाही. दुसरं यंत्र त्याच्याहून थोडंच मोठं. पुढे बकेट, मागे खणायचा हात, पाती याच्यावरही बसतात. वीस मिनिटांत खड्डा. त्याची रुंदी पाच फूट. भाड्यानं आणायची यंत्रं याहून रुंद. आणि गेटपासून मागच्या नव्या जागेपर्यंत जी वाट जाते ती साडेतीन फुटांची आहे, टेप घेऊन मी स्वतः मोजली. एका बाजूला नाला. दुसऱ्या बाजूला लहान मुलांची ओळ.

मोठं यंत्र घ्यायचं तर ती ओळ सपाट करावी लागेल. सत्तावीस उंचवटे आहेत. म्हणजे होते, आता बोटभरही उरलेले नाहीत. तान्ह्यांवर आपण दगड बसवत नाही, त्यामुळे कोण कुठं याची नोंद कागदावर कुठंच नाही. महादेवप्पा वाईट माणूस नाहीत. ते म्हणाले, 'मेलेल्या लेकरांसाठी जित्या म्हाताऱ्याला मारायचं का? पण कुणाचा जीव अडकला असंल तर लेखी द्या म्हणावं.' तशी सूचना गेटवर लावली आहे, माझ्याच अक्षरात. ज्यांची हरकत असेल त्यांनी तीस तारखेच्या आत अर्ज द्यावा. आई आणि वडील दोघांची सही, आणि जागेची खूण. एक जरी खरी हरकत आली तरी बारकं यंत्र. एकही आली नाही तर मोठं.

आज अठरा दिवस झाले. एकही अर्ज आलेला नाही.

तुझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल ते मला ठाऊक आहे. लिंबाचं झाड वाटेत येत नाही. ते पार कोपऱ्यात, भिंतीला लागून आहे. मोठं यंत्र आलं तरी तिथं कुणी फिरकणार नाही. पुढच्या श्रावणात तू येशील तेव्हा तिथं सगळं आहे तसंच असेल. मी या पत्राचा पहिला मसुदा इथंच संपवला होता. तो फाडला.

गेले अठरा दिवस मी शिफारस लिहितो आणि खोडतो. मोठ्या यंत्राच्या बाजूची कारणं लिहायला घेतली की पानभर होतात आणि सगळी खरी असतात. बारक्याची लिहायला बसलो की पेन अडतं. लिहिलं, 'लोकांच्या भावना'. खोडलं, कारण लोकांनी एकही अर्ज दिलेला नाही. लिहिलं, 'परंपरा'. तेही खोडलं, परंपरेनं गुरुबसप्पाला खड्ड्यात बसवलं. कॉलेजात पोरांना मी शिकवतो की ज्याचा स्वतःचा संबंध आहे त्यानं निर्णयातून बाजूला व्हावं. मी बाजूला झालो नाही. संबंध आहे हे सांगितलंही नाही. डायरीत रोज स्वतःची झाडाझडती घेणारा मी, अठरा दिवस त्या वहीत फक्त हवामान लिहितो आहे.

परवा दुपारी गुरुबसप्पाला घेऊन ओळीतून चाललो. त्याला विचारलं, तुला काय वाटतं. म्हणाला, 'मला इचारता तर मोटं घ्या, मास्तर. मी आता आत उतरलो की वर काडायला दोगं लागत्यात. एक दिस वर काडूच नका, तेवडंच तुमचं काम वाचंल.' मग काठीनं दाखवत निघाला. हे कुंडलिकाच्या पोरीचं, ही जुळी, हे पावसात आणलं होतं. प्रत्येक लेकरू माहीत होतं त्याला, कुणी विचारलं नव्हतं इतकंच. नवव्या जागी काठी थांबली आणि तो माझ्याकडे बघत राहिला. 'हितलं सांगू का नगं?' मग स्वतःच म्हणाला, 'अक्का दरसाल लिंबाखाली फुलं ठिवत्यात. मी बगतो की. पर मी कोन सांगनार.'

सिद्धेश्वरी, लिंबाखाली कुणी नाही. लिंबाखाली खणताच येत नाही, नुसती मुळं आहेत. आपला मुलगा त्या ओळीत आहे, गेटकडून नववा, उघड्यावर.

पंधरा वर्षांपूर्वीचा तो दिवस तुला आठवतो तेवढाच मी सांगतो, माझ्या बाजूनं. तू दवाखान्यात होतीस, टाके ओले होते, तुला उठू देत नव्हते. मी माझ्या अप्पांबरोबर गेलो आणि परत आलो. तू रडली नाहीस. तू एकच विचारलंस, तिथं सावली आहे का? वैशाखाचं ऊन होतं, अकरा दिवसांचं पोर, आणि तुला सावलीची काळजी. मी म्हणालो, हो, लिंबाखाली, भिंतीपासून तिसरं. तू डोळे मिटलेस आणि तुला झोप लागली. मला वाटलं, एवढं बरं केलं आपण. माझी डायरी तू वाचायचीस, म्हणून त्या दिवसाच्या पानावरही मी लिंबच लिहिला. पुढे सांगायचं म्हणत राहिलो. आधी तू बरी हो, मग वर्ष होऊ दे, मग तू गेलीस, मग वर्षातून एकदा येणाऱ्या बाईला काय सांगायचं. या श्रावणात फुलं ठेवून परतताना तू ओळीतून चालायला लागलीस आणि मी तुझा दंड धरून तुला बाजूला ओढलं. तू विचारलंस काय झालं. मी म्हणालो, काटा आहे.

गुरुबसप्पाला मी विचारलं, आता तिथं काय असेल? म्हणाला, 'या मातीत पंदरा साल, मास्तर? इतकुसं लेकरू. माती झाली आसंल.' म्हणजे मी काय वाचवतो आहे, आणि कुणाच्या जिवावर? एका म्हाताऱ्याला पुन्हा खड्ड्यात उतरवायचं, ज्यानं आपल्या मुलासाठी कुदळ न वापरता खुरप्यानं माती काढली होती. ते मी पाहिलं आहे. आणि गप्प बसून मोठ्या यंत्राची शिफारस केली तर गुरुबसप्पा सुटतो, समिती सुटते, तुझा लिंब तसाच राहतो आणि माझं खोटं कायमचं झाकलं जातं. इतकं सोयीचं असलेलं काहीही बरोबर आहे यावर माझा विश्वास बसत नाही. आणि जे माझ्या गैरसोयीचं आहे ते केवळ तेवढ्यानं बरोबर ठरतं का, तेही मला कळत नाही. यातून मला सुटता येत नाही. मी फार प्रयत्न केला.

पत्र लिहिण्याचं कारण सोबतच्या कागदात आहे. हरकतीचा अर्ज आहे. जागेच्या रकान्यात मी 'गेटकडून नववी' असं लिहिलं आहे. हे मी पहिल्यांदाच कुठंतरी लिहिलं. मुलाच्या नावाचा रकाना कोरा आहे, आपण बाराव्या दिवशी ठेवणार होतो. खाली माझी सही आहे. तुझी हवी. मी मागत नाही. तू सही केलीस तर बारकं यंत्र येईल आणि गुरुबसप्पाबरोबर खड्ड्यात मी उतरेन, जमेल तितकी वर्षं. नाही केलीस तर तीस तारखेला मी मोठ्याची शिफारस करेन, आणि तेही चूक असणार नाही. हवं तर आधी येऊन जागा बघ. सकाळच्या गाडीनं ये, मी स्टेशनावर उभा राहीन, किंवा तू म्हणशील तर राहणार नाही, गुरुबसप्पा दाखवेल. माझं जे काही करायचं ते नंतर कर. पण तो कुठं आहे ते आईला माहीत नसताना त्याच्यावरून चाक गेलं, असं मला होऊ द्यायचं नाही.

अजूनही स्वतःला तुझाच म्हणवणारा,
प्रभु