खुनी कोण ते विचारू नका

४ जानेवारी १९९९, सकाळी
नव्या वर्षाचा संकल्प: नम्र राहायचं.
चित्रपट मंडळाचा सेक्रेटरी सूर्यभान येऊन गेला. चोवीस तारखेला 'धुआँ और दस्तक' दाखवणार. आधी मी बोलायचं. पिक्चर सुटल्यावर नवा अध्यक्ष जाहीर होईल, असं जाता जाता म्हणाला. मी नम्रपणे मान झुकवली. फक्त शाल कुठल्या रंगाची आणावी ते सांगितलं.

९ जानेवारी
भाषणाची तयारी. या ब्लॅक अँड व्हाइट पिक्चरवर माझ्याएवढं मराठवाड्यात कुणी लिहिलं नसेल. मुद्दा एकच. सेठचा खून होतो. संशय हिरोवर, सेठच्या विधवेवर, मुनीमवर. खुनी कोण ते दिग्दर्शक सांगतच नाही! हिरो धुक्यात उभा, वरच्या खिडकीतला दिवा विझतो, खलास. काय ती हिंमत! पुण्याचे समीक्षक लिहितात, 'शेवट बाळबोध'. यांना डोळे आहेत की भोकं?

१५ जानेवारी
भाषण बायकोला, द्वारकाबाईला, वाचून दाखवलं. ती डाळ निवडत होती. म्हणाली, लांबवू नका, लोकं पिक्चर बघायला येतेत. जाऊ द्या, घरच्यांना किंमत नसतेच.
कॉलेजचे दिवस आठवले. माझा दोस्त बद्रीनाथ आणि मी हा पिक्चर कितीदा पाहिला! सहाचा शो. गावाकडं, देवगाव रंगारीला जाणारी मुक्कामी एसटी चुकू नये म्हणून मला जरा आधी उठावं लागे. पण तोवर दिवा विझलेला असायचा. पुढं नुसतं 'समाप्त'. बद्रीनाथनंच छातीठोकपणे सांगितलं होतं.

२४ जानेवारी, दुपारी
कडक इस्त्री केली. पाऊण तास बोलेन. नम्रपणे.

२५ जानेवारी
दगा! दुसरा शब्द नाही.
भाषण झकास झालं. 'उत्तर मागू नका' म्हणालो तेव्हा टाळ्या. पिक्चर सुरू झाला. शेवटी दिवा विझला. मी उभा राहून टाळ्या वाजवायला लागलो. माझं बघून पहिली रांग उठली. आणि पिक्चर चालूच! दिवा परत लागला. पोलीस आले. मुनीमनं ढसाढसा रडत खून कबूल केला. का केला, कसा केला, सुरी कुठं टाकली, सगळं. मग हिरोचं विधवेशी लग्न. वर बँडवाल्यांचं गाणं!
मागून कुणीतरी ओरडलं, साहेब, घावला की खुनी! अख्खा हॉल हसला. एक बाई मुद्दाम येऊन सांगून गेल्या, शेवट लई गोड केला म्हणे. शाल सूर्यभानच्या हातातच राहिली. अध्यक्षाचं पुढच्या बैठकीत बघू म्हणाला.

२६ जानेवारी
झेंडावंदनाला गेलो नाही. कुणाला तोंड दाखवू? पण विचार केला आणि उलगडा झाला. हा शेवट मागाहून जोडलेला आहे. निर्माता घाबरला असणार. सूर्यभानला फोन केला. तो म्हणाला, सर, सेन्सॉरच्या जुन्या सर्टिफिकेटवर रिळांचा आकडा आपण दाखवली तेवढाच आहे. सर्टिफिकेटं काय, कुणीही काढतं. साप्ताहिकात निषेध छापणार.

२८ जानेवारी
मुकुंदवाडीला बद्रीनाथच्या घरी गेलो. विचारलं, पुढं 'समाप्त' आहे असं तूच सांगितलं होतंस ना? म्हणाला, अरे, मी तुला गाडीत बसवायला स्टँडवर येत होतो. मग मी कवा बघणार शेवट? म्हटलं, मग सांगितलंस कशाला? तर म्हणे, तू खिडकीतून डोकं काढून विचारायचास, गाडी हलायची, कायतरी सांगायला नको व्हय?
आणि मी यावर भाषणं ठोकली! एवढा विश्वासघात करून वर चहा पाजतो. चहा घेतला. मैत्री संपली.

३० जानेवारी
निषेधाचा मजकूर द्वारकाला वाचून दाखवला. ती म्हणाली, मुनीम तवाबी असाच रडत होता. मी विचारलं, तेव्हा म्हणजे कधी? लग्नाआधी मावशीसंग बायकांच्या खेळाला पुरा बघितलाय म्हणे. म्हटलं, मग इतकी वर्षं गप्प का बसलीस? म्हणाली, मला वाटलं तुमाला शेवट माहीत असंल, पण आवडला नसंल म्हणून सांगत नसताल. आणि तुमी बोलायला लागल्यावर मधी कुणाला बोलू देता?
बाहेरचे परवडले. संसार केला तो असल्या माणसाबरोबर. जेवलो नाही. मग तिनं पिठलं केलं, तेव्हा थोडं जेवलो. निषेध फाडला.

२ फेब्रुवारी
अध्यक्ष दुसरेच कुणीतरी झाले. मला सल्लागार नेमलंय. शाल नाही.
पुढच्या रविवारी नवा पिक्चर आहे. द्वारकाला विचारलं, येतेस का. म्हणाली, येते, पण तुमी काय बोलणार नसाल तर.
बरं म्हणालो. तसंही सल्लागारानं बोलायलाच पाहिजे असं कुठं आहे?