वाढीची पट्टी

९ जानेवारी, गुरुवार

ठरलं! शनिवारी अब्बांबरोबर मशिनांच्या प्रदर्शनाला जायचं. मी मागे लागले नव्हते, ते आपणहून म्हणाले — "चल माझ्यासंगं. बघू तुला काय कळतंय." आणि मग ताटाकडे बघत, हळूच — "मग ठरवू शेडचं."

डिप्लोमा होऊन सात महिने झाले. सात महिने माझा एकच धोशा — मला उद्यमनगरच्या शेडमध्ये बसू द्या, तुमच्यासारखे पॅटर्न करू द्या. आणि त्यांचं एकच उत्तर. "बघू." लोक अब्बांना सुतार म्हणतात तेव्हा माझं डोकं फिरतं. सुतार खुर्च्या करतो. अब्बा लाकडाचा पंप करतात, लाकडाची पुली करतात, मग फाउंड्रीवाले त्याचा वाळूत ठसा उठवून त्यात लोखंड ओततात. नबीलालचा पॅटर्न म्हटलं की शिरोलीत कुणी माप तपासत नाही! आणि या नबीलालची मुलगी घरी बसून मटार सोलते.

अम्मी म्हणाली, नवा ड्रेस घाल. मी म्हटलं, लग्नाला चाललेय का? (घालणार आहे.)

११ जानेवारी, शनिवार

पाय दुखतायत. डोकं दुखतंय. सगळंच दुखतंय.

सुरुवात छान झाली होती. गळ्यात नावाची कार्डं, हातात फुकटच्या पिशव्या. अब्बा कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, पण कानावर पेन्सिल तशीच! मी म्हटलं, काढा ना ती. "असू दे की. तिच्याबिगार उघडं वाटतंय." प्रत्येक मशिनला हात लावून बघायची खोड. एक स्टॉलवाला ओरडला, "ओ पावणं, हात न्हाई लावायचा!" मी लाजेनं अर्धी झाले आणि अब्बा हसतायत. एका मशिनची सगळी माहिती मी त्यांना समजावून सांगितली. दोनदा मान डोलावली त्यांनी. दोनदा! अकरा वाजेपर्यंत सगळं बरं चाललं होतं.

मग तेजस्वी भेटली.

अमरसिंह साहेबांची मुलगी. साहेबांच्या फाउंड्रीचे पॅटर्न अब्बा वीस वर्षं करतायत, म्हणून ओळख. पुण्याहून शिकून आली आणि आता तिचा स्वतःचा स्टॉल. "काका! या ना या!" मोकळे केस, मोकळं हसू, सगळंच मोकळं. स्टॉलवर थ्रीडी प्रिंटर. कॉम्प्युटरमध्ये माप घातलं की प्लॅस्टिकच्या शेवया थरावर थर पडत जातात आणि पॅटर्न तयार. लाकूड नको, रंदा नको, अब्बाही नकोत. म्हणजे ही बाई आमच्याच पोटावर पाय द्यायला निघालेली! आणि अब्बा? दीड तास त्या एका स्टॉलवर. "आतल्या कोपऱ्याला गोलाई कशी देतीस?" "उतार किती ठेवतीस?" मला विचारलंय कधी असं? मी तोंड उघडलं की — "थांब गं जरा."

थांबले. शेजारच्या स्टॉलवरची फुकटची चॉकलेटं खात थांबले. सहा खाल्ली. निघताना तिनं माझ्या फोनमध्ये स्वतःचा नंबर घातला. "ये की गं कधी, शिकवते तुला." मला! शिकवते!

परतताना गाडीवर अब्बा म्हणाले, "पोरगी असावी तर अशी." मी मागेच बसले होते. त्यांची स्वतःची पोरगी, हातभर अंतरावर. अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हटलं, "बापाचा कारखाना असला की कुणीही हुशार होतंय." हेल्मेटमुळे ऐकू गेलं नसावं.

१२ जानेवारी

अम्मीला प्रदर्शनाचं सांगताना अब्बांनी तेजस्वीचं नाव नऊ वेळा घेतलं. मोजलं मी. माझं एकदा — "इरमला चॉकलेटं घावली."

शेडचं विचारलं. "बघू."

१४ जानेवारी, मंगळवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

दुपारी डबा घेऊन शेडमध्ये गेले तर तेजस्वी तिथं हजर! संक्रांतीचा तिळगूळ घेऊन. अब्बांनी केलेल्या पंपाच्या झाकणाचा पॅटर्न ती प्रिंट करून दाखवणार होती, चाचणी म्हणून. तिचं माप घ्यायचं मोठं कॅलिपर स्टॉलच्या सामानात गेलेलं, म्हणून म्हणाली, "काका, पट्टी आहे का एखादी?" अब्बांनी ड्रॉवर उघडला आणि स्टीलची पट्टी काढून दिली.

वाढीची पट्टी!

ओतलेलं लोखंड थंड झालं की आकसतं. म्हणून पॅटर्न आधीच थोडा मोठा करायचा. दर वेळी आकडेमोड नको, म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टीच मुळात लांब असते — फुटाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जास्त. दिसायला अगदी साधी पट्टी. चौथीत असताना मी चुकून तीच दप्तरात घालून नेली होती. भूमितीच्या सगळ्या रेघा लांब, सगळी गणितं चूक, आणि बाईंच्या छड्या. घरी कुणाला सांगितलं नाही. पण तेव्हापासून ती पट्टी मी दहा हातांवरून ओळखते.

तिनं त्या पट्टीनं मापं घेतली, भराभर टॅबवर लिहिली. लांब पट्टीनं मोजलं की आकडा कमी येणार, म्हणजे हिचा पॅटर्न लहान होणार. त्यावरून ओतलेलं झाकण पंपावर बसायचंच नाही! माझ्या ओठांवर आलं होतं. अब्बा कानावरची पेन्सिल हातात घेऊन माझ्याकडेच बघत होते. "काय म्हणतीस?"

"काही नाही. डबा ठेवते."

तिचा तिळगूळ तोंडात होता. तसाच चघळत बाहेर आले. होऊ दे फजिती. पोरगी असावी तर अशी ना? मग असू दे!

१५ जानेवारी

खूप बरं वाटतंय. खरंच.

१८ जानेवारी, शनिवार

तितकंसं बरं वाटत नाहीये.

साहेबांसमोर तेजस्वीचं तोंड एवढंसं झालंय, हे चित्र मी चार दिवस रोज बघत होते. आज त्या चित्रात अब्बा पण उभे दिसले. पट्टी त्यांनीच दिली ना! नबीलालचं माप चुकलं, असं होईल ते. आणि अब्बा विसरलेच कसे? वय झालं का? नजर गेली का? तीनदा फोन हातात घेतला. तिला लावायचा म्हणजे काय सांगायचं — मी बघत होते आणि गप्प बसले? ठेवून दिला.

अब्बा गप्प आहेत. मंगळवारी शेडमधून आले तेव्हापासून. मी शेडचा विषय काढला तर "बघू" सुद्धा म्हणाले नाहीत.

२१ जानेवारी, मंगळवार

तेजस्वी पॅटर्न घेऊन आली. पिवळाधमक. मी डबा ठेवायच्या निमित्तानं खांबाला टेकून उभी. अब्बांनी लाकडी पॅटर्न शेजारी ठेवून माप लावलं.

बरोबर! केसाचाही फरक नाही. अब्बा बाहेर चहा सांगायला गेले तेव्हा मी स्वतः दोनदा लावून बघितलं. बरोबर.

तेजस्वी म्हणाली, "वाचले बाई! ती पट्टी वेगळी असते हे मला कुठं माहीत? काकांनी त्याच संध्याकाळी फोन करून सांगितलं, फुटाला एक सूत वाढव म्हणून. नाहीतर पप्पांनी काढलं असतं मला फाउंड्रीतून!" आणि हसली. माझ्या खांद्यावर हात टाकून हसली.

म्हणजे अब्बांच्या लक्षात आलं होतं. सुटले मी. आणि खोटं कशाला लिहू — सुटले, तरी थोडं वाईट वाटलं. चुकायला हवं होतं हिचं.

२२ जानेवारी

अम्मी सकाळी भाकरी थापता थापता म्हणाली, "गडहिंग्लजला मामूच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसशील का? अब्बांनी इचारलंय त्याला."

"आणि शेड?"

"ते न्हाई जमायचं म्हणत्यात." मग तिलाच राहवलं नाही. "तुला कळलं न्हाई गं? ती पट्टी अब्बांनी मुद्दाम दिलती. तू हाटकतीस का बघायला. त्येंच्या उस्तादानं त्येंना असंच पारखलंतं. गिऱ्हाइकाच्या हातात वाढीची पट्टी दिली अन् हे बोलत्यात का बघत बसला. हे बोलले, तवा कुठं रंद्याला हात लावू दिला."

मी परातीला धरून बसले.

"त्या दिवशी घरी आले ते जेवलेच न्हाईत. म्हणाले, सात म्हैने डबा घिऊन येती, पण साधी पट्टी वळखत न्हाई. डोळाच न्हाई पोरीला."

मला डोळा नाही! मला, जिनं ती पट्टी चौथीत ओळखली! ओरडून सांगावंसं वाटलं, मी बघितलं होतं, मला सगळं कळलं होतं! पण कळलं होतं म्हटलं तर पुढचा प्रश्न काय येणार? गप्प बसले तर आंधळी. बोलले तर कोण?

रडले. तेजस्वीवर रडावं म्हटलं, तर तिनं काय केलंय? काहीच नाही. तेच तर जास्त जळतंय.

२३ जानेवारी, गुरुवार

सांगितलं. शेडमध्ये जाऊन, उभ्या उभ्या, एका दमात. मी पट्टी ओळखली होती अब्बा. तिच्या हातात दिलीत तेव्हाच.

अब्बांनी रंदा खाली ठेवला. मला वाटलं, ओरडतील.

"वळखली नसतीस तर बरं हुतं की गं."