जागृत नागरिक वर्ग, तिसरी गल्ली

१ मे १९७३, सकाळी ६
संकल्प. तीस वर्षं तहसिलीत हेडक्लार्क होतो. लोकांचे अर्ज कसे अडवतात ते माझ्याइतकं नागपुरात कोणाला ठाऊक नाही. आता तीच विद्या लोकांना शिकवायची. घरासमोर रोज वर्ग. महिनाभरात कार्पोरेशन सरळ.
पहिली केस शेजारच्या मैनाबाईची. नाली तुंबून पाणी तिच्या उंबऱ्याला लागलं. घरात खड्ड्याचा माग, त्यावर अर्धं विणलेलं लुगडं. पाणी खड्ड्यात उतरलं तर पोटच गेलं. म्हणे, गोपाळभाऊ, तुमची वळख हाय कार्पोरेशनात, एक शब्द टाका ना गा. साफ नाही म्हटलं. मी शब्द टाकला तर ही शिकणार काय?

३ मे
बसायला जागा नव्हती. नालीवर चार फरश्या टाकून सिमेंट मारलं. पक्का ओटा झाला. घाणही दिसत नाही. स्वतःवर खूश.

७ मे
हजेरी अकरा. विषय: अर्ज कोणाच्या नावे करावा. मैनाबाईनं मधेच विचारलं, नाली कवा साफ होईन. सिलॅबसमध्ये ते पाचव्या आठवड्यात आहे.

१२ मे
मैनाबाईचा अर्ज वर्गात तपासून परत केला. लिहिला कवडूनं, गिरणीतला पोरगेला माणूस, पण समास सोडला नाही. हिचा अंगठाही वाकडा.

१८ मे
ऐन वर्गात सफाईवाला आला. म्हणे फरश्या काढा, खाली गाळ आहे. लेखी आदेश मागितला. नव्हता. परत पाठवला. वर्गाला फुकटात प्रात्यक्षिक.
मैनाबाई त्याच्यामागे कोपऱ्यापर्यंत धावली. तिनंच म्हणे हातापाया पडून आणला होता. अर्ज न करता. अशानं नागरिक तयार होत नसतात.

२३ मे
आज खुद्द सफाईचा जमादार. आदेश लेखी, पण जावक क्रमांक नाही. परत. सौ. म्हणाली, अवो, काहून त्याले परत पाठवून राहिले तुम्ही? तिला प्रोसिजर कळत नाही.

२९ मे
हजेरी शून्य. सगळे बादल्या घेऊन मैनाबाईकडे. पाणी उतरलं खड्ड्यात. सौ.ही तिथंच. मी दारातून पाहिलं. लुगड्याचे धागे काळ्या पाण्यात लोंबत होते. मैनाबाई गुडघाभर पाण्यात उभी. माझ्याकडे पाहिलं नाही.
दोष कार्पोरेशनचाच. रिमाइंडर लिहायला बसलो. एक ओळ सुचली नाही.

२ जून
कवडू अर्जाची प्रत घेऊन आला. म्हणे, मास्तर, तपासून द्या. विषय: नालीवरील बेकायदा ओटा काढणेबाबत. ओटा माझा. दहा सह्या, अकरावी सौ.ची. मैनाबाईचा अंगठा सरळ.
लाल पेन्सिल घेऊन अर्धा तास बसलो. समास बरोबर. सोबत नकाशा. आवक क्रमांकही घेतलेला. चूक एकही नाही. तसं सांगितलं त्याला.

६ जून, सकाळी ७
जमादार आला. आदेश लेखी, जावक क्रमांकासकट. दोनदा वाचला. परत पाठवायला कारण सापडेना. फरश्या उचकटायला घरातली लोखंडी सब्बल सौ.नंच काढून दिली. ओट्याखालून टोपलंभर गाळ निघाला, नाली वाहायला लागली.
मैनाबाई समोरून गेली. काखेत सूप होतं. विचारलं, कुठे? म्हणे, बिड्या वळाले जातो, माग तर गेला.