मागच्या बाजूची सही

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. उजवा गुडघा जिना चढताना कुरकुरतो आणि डावा उतरताना, त्यामुळे दोघांत भांडण नाही. तुझ्या पित्ताचं काय झालं? उपाशी पोटी चहा सोडलास, की नुसता सोडल्याचं सांगतोस? तुझ्या बायकोची कंबर कशी आहे? तिला म्हणावं, घरातली ओझी नवऱ्याला उचलू दे. पूल बांधणाऱ्या माणसाला निदान पाण्याची बादली जड वाटू नये. तुझी लेक खारूताई इथे माझ्याकडे मजेत आहे. (हे वाक्य मी सवयीने लिहिलं. खोडत नाही, कारण पुढचं सगळं पत्र त्याच्याबद्दलच आहे.)

गेल्या रविवारी फोनवर तू विचारलंस, शाळेतलं चित्रप्रदर्शन कसं झालं, आणि मी म्हटलं, छान झालं. ते खोटं होतं. खरं काय झालं ते आता लिहिते. पत्रच लिहिते, कारण फोनवर तू दर दोन वाक्यांनी ‘हं, हं’ करतोस आणि पलीकडे कुणाला तरी सिमेंटबद्दल ओरडतोस. वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेव : तुझ्या लेकीचा विषयनिवडीचा फॉर्म वीस तारखेच्या आत शाळेत द्यायचा आहे, आणि तुझ्यामाझ्यात कधीचं ठरलंय की त्यावर ‘विज्ञान’ लिहायचं.

झालं असं की आमचे चित्रकलेचे सर खिळा ठोकायला स्टुलावर चढले आणि उजवा हात मोडून खाली आले. मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. त्यांचं म्हणणं, बाई, तुम्ही भूमिती शिकवता, म्हणजे रेघा तुमच्या ओळखीच्याच. महिनाभर मोठ्या वर्गाची चित्रकला तुम्ही सांभाळा. (आमचे मुख्याध्यापक स्वभावाने टेबलफॅन आहेत. मान सावकाश सगळीकडे फिरते, प्रत्येकाला वाटतं आपल्याकडेच बघताहेत, आणि शेवटी जिथे होते तिथेच असतात.) चित्रकलेच्या सरांनी डाव्या हाताने एक चिठ्ठी लिहून ठेवली होती. ती वाचायला मला अर्धा तास लागला. त्यात होतं : पालकसभेच्या दिवशी प्रदर्शन, विषय ‘मला जे सांगता येत नाही ते’, आणि खाली, मुलांना मोकळं सोडा.

मी मोकळं सोडलं. चारही बाजूंनी एकेक इंच समास सोडून बाकी सगळीकडे मोकळं सोडलं. पंधरा-सोळा वर्षांची अडतीस मुलं. या मुलांना एरवी ‘काय झालं?’ असं विचारलं तर ‘काही नाही’ यापलीकडे शब्द सापडत नाही. मला वाटलं, अडतीस सूर्यास्त येतील, त्यातले तीस डोंगरामागे. पण कागद हातात पडल्यावर ही मुलं जी सुटली ती विचारू नकोस.

दातांच्या डॉक्टरांच्या मुलीने वडिलांना बाथरूममध्ये दार लावून चॉकलेट खाताना काढलं. तोंड उघडं, आणि आत तीन दाढा काळ्या. वकीलबाईंच्या मुलाने स्वतःचाच पूल काढला : पालथा पडलेला, हात एका खोलीच्या दारात, पाय दुसऱ्या खोलीच्या दारात, आणि पाठीवरून एक ट्रक चाललाय. ट्रकवर लिहिलंय ‘त्यांना विचार, जेवणार का’. (तू या धंद्यातला म्हणून सांगते, त्या पुलाला मधे एकही खांब नव्हता.) एका मुलीने आईला सहा बोटं काढली. मी लाल पेन घेऊन गेले, तर म्हणाली, बाई, सहावं मुद्दाम आहे, पाचात तिचं भागत नाही. बँकेतल्या साहेबांच्या मुलाने कागद समासापर्यंत काळा करून आणला. खाली कोपऱ्यात तपकिरी बुटांचा एक जोड, बस्स.

मी विचारलं, “बाकीचं चित्र कुठंय?”

“हेच आहे बाई. आमच्या घराचा जिना. निकालाच्या दिवशीचा.”

“दिवे गेलेत का?”

“नाही. बाबा आलेत.”

मी दहापैकी चार दिले. बूट चांगले होते.

आता माझी शिस्त तुला माहीत आहे. वहीचं पान असो की सहलीचं पत्र, मागे पालकाची सही आल्याशिवाय ते मी हातात घेत नाही. तीस वर्षांत हा नियम मोडलेला नाही. तेव्हा मुलांना सांगितलं, प्रत्येक चित्र घरी न्या, पालकांना दाखवा, आणि मागे ‘पाहिले’ असं लिहून खाली सही आणा. दुसऱ्या दिवशी सकाळी अडतीसच्या अडतीस सह्या हजर. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. एवढ्या सह्या एका रात्रीत माझ्या नोकरीत कधी आलेल्या नाहीत. पण मी खूश झाले. म्हटलं, काय समंजस पालक आहेत. स्वतःच्या किडक्या दाढा बघून हा मनुष्य निमूट सही करतो, याला मोठं मन लागतं. बँकेच्या साहेबांनी तर पुढच्याच बाजूला, उजव्या कोपऱ्यात, बुटांच्या शेजारी वळणदार सही ठोकली होती. काळ्यावर पांढऱ्या शाईने. (पांढरी शाई घरात कुठून आली, तर मुलाने ‘इथे करा’ म्हणून स्वतःच हातात दिली. हे पोरगं पुढे जाणार.)

खारूताईचं चित्र मात्र मी पाहिलं नव्हतं, त्याच्या मागची सहीसुद्धा मॉनिटरनेच मोजली. घरच्या मुलीचा पेपर मी तपासत नाही, तो दुसरं कुणीतरी तपासतं, हाही माझा नियम. वर्गात ती शेवटच्या बाकावर माझ्याकडे पाठ करून बसायची आणि पेन्सिलीची मागची टोकं कुरतडायची, एवढंच मला दिसत होतं.

शनिवारी पालकसभा. चित्रं मुलांनीच हॉलमध्ये लावली. साडेदहाला दारं उघडली आणि पावणेअकराला दातांचे डॉक्टर माझ्यासमोर. त्यांचे तीन पेशंट त्या चित्रापुढे उभे राहून दाढा मोजत होते.

“बाई, हे काय लावलंय?”

“तुम्ही,” मी म्हटलं.

तेवढ्यात दोन बायका बँकेच्या साहेबांचं अभिनंदन करून गेल्या. त्यांना वाटलं, सही यांची म्हणजे चित्रही यांचंच. एकीने विचारलं, अंधाराची ओढ तुम्हाला पहिल्यापासूनच का? साहेबांनी आभार मानले, मग वळून पहिल्यांदाच चित्र बघितलं, मग बूट बघितले, मग स्वतःच्या पायांकडे बघितलं. तेच बूट होते.

अकरा वाजता अर्धी पालकसभा मुख्याध्यापकांच्या खोलीत. कुणी म्हणे घरची लक्तरं वेशीवर टांगली, कुणी म्हणे बाईंना लिहून माफी मागायला लावा. टेबलफॅन तीन वेळा फिरला आणि माझ्यावर थांबला. हुकूम सुटला की सगळी चित्रं ताबडतोब उतरवा. शिपायाने अडतीस चित्रांची चळत आणून टेबलावर आपटली. मी एकेक चित्र पालथं केलं आणि ज्याचं त्याच्यापुढे ठेवलं. पाहिले. पाहिले. पाहिले. खाली सही.

डॉक्टर म्हणाले, त्यांना वाटलं सहलीचा कागद आहे. सहा बोटांची आई म्हणाली, हात कणकेचे होते, पोरीनेच पेन बोटांत अडकवलं. वकीलबाई मात्र वकीलबाई. म्हणाल्या, सही म्हणजे संमती नव्हे. मी विचारलं, मग काय, नक्षी? त्या उत्तर जुळवत होत्या तोवर त्यांचे यजमान खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे असलेले त्यांना दिसले. मधे मुलगा. बाई मुलाला म्हणाल्या, “सांग त्यांना, गाडी मी नेणार आहे.” यजमान मुलाला म्हणाले, “म्हणावं, किल्ली माझ्याकडे आहे.” मुलाने निरोप पोचवायचे सोडून टेबलावरचं आपलं चित्र उचललं आणि दोघांच्या मधोमध, सरळ, छातीशी धरून उभा राहिला. ट्रक त्यांच्याकडे तोंड करून. मला त्यात एका शब्दाची भर घालावी लागली नाही. वकीलबाईंनी पदर सारखा केला, आणि नवऱ्याकडे बघून (मुलाकडे नव्हे) हळूच म्हणाल्या, “मला स्टेशनपाशी सोडा.” वर्षभरातलं पहिलं वाक्य असावं, कारण यजमान इतके गांगरले की किल्ली खाली पडली.

इथे मी संपवू शकले असते तर पत्रात माझी किती शोभा राहिली असती. पण वकीलबाईंना जाता जाता चळतीतलं शेवटचं चित्र दिसलं. ते दाराच्या फळीमागे लावलेलं होतं, म्हणून सकाळपासून कुणाच्या नजरेला पडलं नव्हतं. ते पालथंच होतं.

“ही सही ओळखीची वाटते,” त्या म्हणाल्या. “प्रगतिपुस्तकावर असते. बाई, ही तुमची ना?”

माझीच होती. ‘पाहिले’, आणि खाली मी, तारखेसकट. मग आठवलं. मी पेपर तपासत बसले होते, खारूताई कागद पालथा करून आली, मी नाव न बघता सही केली आणि वर तिला सांगितलं की पाठीत बाक काढून उभी राहू नकोस.

चित्र मी सुलटं केलं. आपलं स्वयंपाकघर. टेबल, टेबलावर फोन. खाली लिहिलंय ‘रविवार, सकाळी दहा’. फोनपाशी मी उभी, आणि मला दोन तोंडं. एक माझं. त्याखाली दुसरं, लहान, दातांना तार लावलेलं. ते तिचं. दोन्ही तोंडं फोनमध्ये बोलताहेत. आणि खुर्चीत खारूताई बसलीय, कपाळ आहे, डोळे आहेत, नाक आहे, त्याखाली काही नाही. अंड्यासारखं गुळगुळीत. माझं नाक हुबेहूब होतं, धाकट्या. चष्म्याची उसवलेली दोरीसुद्धा.

तू दर रविवारी विचारतोस, कशी आहे, आणि मी सांगते, मजेत आहे. अभ्यास? करते. काय घ्यायचं म्हणते? विज्ञानच म्हणते. मग मी तिच्यापुढे फोन धरते, ती ‘हो बाबा’ म्हणते, मी फोन परत घेते. मी त्या खोलीत उभी राहून आठवून पाहिलं. ‘विज्ञान’ हा शब्द तिच्या तोंडून मी एकदाही ऐकलेला नाही. तू म्हणालास, मी म्हणाले, तू खूश झालास, मी खूश झाले. मुलगी तिथेच होती.

दातांच्या डॉक्टरांचा चेहरा एवढा उजळला की मला त्यांच्या तिन्ही दाढा दिसल्या. “आता काय करायचं, बाई?” ते म्हणाले. मी म्हटलं, करायचं काय, सह्या झाल्यात, चित्रं परत लावायची. आणि हे दाराच्या फळीमागे नाही. मधोमध. टेबलफॅनने मान हलवली, आणि यावेळी ती होकाराची आहे असं मी धरून चालले. शिपाई चळत घेऊन गेला. संध्याकाळी हॉल बंद होईपर्यंत बँकेचे साहेब काळ्या चित्रापुढे होते. शेवटी मुलगाच घ्यायला आला. शिपाई सांगतो, जिना उतरताना साहेबांनी बूट हातात घेतले होते. मी शिपायावर विश्वास ठेवत नाही, पण पायऱ्यांवर आवाज आला नाही हे खरं.

घरी आल्यावर खारूताईने एकच गोष्ट विचारली, आत्या, मार्क किती? घरच्या मुलीला मार्क न देण्याचा नियम मी मोडला आणि सांगितलं, सहा. का, म्हणाली. मी म्हटलं, टेबलाला तीनच पाय आहेत.

“चौथा आहे,” ती म्हणाली. “तू मधे उभी आहेस, म्हणून दिसत नाही.”

मी सात केले.

तुझी,
ताई

ता.क. १ : सोबत विषयनिवडीचा फॉर्म आहे. विषयाचा रकाना तिने स्वतः भरून पाकीट स्वतः चिकटवलंय. मी पाहिलेलं नाही. तिथे चित्रकला असेल, विज्ञान असेल, किंवा पेन्सिल कुरतडणे असेल. पालकाची सही तुझी लागते. कृपा करून कागद सुलटा धर आणि वाचून मग सही कर. आपल्या घराण्यात ही सवय नाही, हे आता सगळ्या गावाला माहीत झालंय.

ता.क. २ : सही करायच्या आधी येत्या रविवारी दहाला फोन कर. फोन ती उचलेल. मी त्या वेळी चपला शिवायला मोच्याकडे जाणार आहे, अकराच्या आत परतणार नाही. ती सुरुवातीला गप्प बसेल. तू ‘हं, हं’ करू नकोस आणि सिमेंटवर ओरडू नकोस. थांब. काल मी तिला सरळ विचारलं, तुला खरोखर काय हवंय. म्हणाली, बाबांना सांगेन. मला सांगितलं नाही. कार्टी माझ्यावर गेलीय.

ता.क. ३ : मोची रविवारी बंद असतो, हे आत्ता आठवलं. मी खालच्या पायरीवर बसून असेन. तिथून आतलं फारसं ऐकू येत नाही (परवा फोनपाशी रेडिओ लावून पाहिलं), तेव्हा हवं तितकं बोला. फक्त तासाच्या वर नको. पायरी गार असते, आणि उठताना दोन्ही गुडघे एकदम कुरकुरतात.