यादीतून खोडलेलं टेबल

अहो,

ऑडिटरना द्यायची सामानाची यादी पाहिली. वरच्या भाडेकरूंना दिलेला फ्रिज, एसी आणि दोन्ही खाटा बरोबर लिहिल्यात. सामानाचं भाडं घरभाड्यापासून वेगळं दाखवलं तर त्या वस्तूंवर घसारा, म्हणजे झिजेची करात वजावट, मिळते म्हणे, ती जरूर घ्या. पण आपल्या प्रणेशचं टेबल मी खोडलंय. त्याच्याशी भांडण झालं त्या दिवशी तुम्ही ते रागाने वर नेऊन टाकलंत, म्हणून काही ते भाड्याचं होत नाही. दुपारच्या आत खाली आणून, पुसून त्याच्या खोलीत ठेवा. त्या भांडणामुळे तो अजून इथे आपल्या कुंभकोणमला उतरायला तयार नाही, म्हणून मी शेजारच्या पापनाशम् स्टेशनवर त्याला आणायला चालले आहे. सांबार झाकून ठेवलंय.

तुम्हीच बोलावलंय असं मी त्याला सांगितलंय. मला खोटं पाडू नका.

वेदवती